मापटें कोणाचें?

२०२४ च्या नाताळांत आमचा पुतण्या सहकुटुंब अमेरिकेहून पंधरवडाभर घरीं आला होता. बोस्टन शहराजवळ त्याचा संसार आहे. थोरला मुलगा शिक्षण संपवून नोकरीस लागला आहे, आणि धाकटी कन्या त्या वेळीं अकरावींत होती. आम्हां तिघां भावांचा संसार अद्यापि एकाच स्वयंपाकघरावर चालतो; त्यामुळें रात्रीं जेवणें आटोपलीं कीं पडवींत आठ-दहा मंडळी सहज जमतात. अशाच एका रात्रीं आमच्या वहिनींनीं त्या मुलीला विचारलें, "बाळ, तुझी बोर्डाची परीक्षा कोणत्या महिन्यांत असते ग?"

"ती मी दहावींतच दिली, आजी," मुलगी म्हणाली. "पण आतां ती पास व्हायलाच पाहिजे असें नाहीं. गेल्या महिन्यांत लोकांनीं मतें देऊन तो नियम काढून टाकला."

पडवींत एकदम शांतता पसरली. मग माझे थोरले बंधू म्हणाले, "पुढच्या निवडणुकींत गणितहि काढून टाका म्हणावें!" सर्व मंडळी हंसली, आणि आमच्या घरची जीं मुलें दहावीच्या उंबरठ्यावर आहेत त्यांना तर त्या देशाविषयीं फारच आदर वाटूं लागला.

मला मात्र हंसूं आलें नाहीं. पस्तीस वर्षें मीं शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. परीक्षा हें माझें रोजचें अन्न होतें. ती मतदानानें जाते, तेव्हां ती मुळांत आली कोठून, हें पाहिलें पाहिजे असें मनानें घेतलें. पुतण्याकडून व त्याच्या मुलांकडून, आणि पुढें वाचून, मीं त्या राज्याच्या परीक्षेची हकीकत समजून घेतली. ती वाचकांपुढें मांडावीशी वाटते. कारण ती समजून घेतां घेतां मला आपल्या घरचा, आणि खरें सांगावयाचें तर माझा स्वतःचा, एक जुना दोष दिसून आला.

त्या राज्याचें नांव मॅसॅच्युसेट्स. शिक्षणाच्या बाबतींत तें अमेरिकेंत जुनें आणि मानी राज्य आहे. होरेस मॅन नांवाचे गृहस्थ १८३७ पासून १८४८ पर्यंत तेथील शिक्षणमंडळाचे चिटणीस होते. त्या काळीं बोस्टनच्या शाळांची परीक्षा तोंडी होत असे. शाळासमितीच्या सभासदांनीं शाळेंत यावें, पढवून तयार केलेल्या मुलांनीं उभें राहून धडाधड म्हणून दाखवावें, आणि समितीनें संतुष्ट होऊन परत जावें, अशी रीत होती. १८४५ सालीं मॅन यांचे स्नेही डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ व त्यांचे सहकारी यांनीं ती मोडली. प्रश्न छापील, सर्व शाळांना तेच, उत्तरें लेखी आणि वेळ ठराविक, अशी परीक्षा त्यांनीं घेतली. निकाल इतका वाईट लागला कीं बोस्टनचे मास्तर संतापले. त्या अहवालांतील एक गोष्ट अजून सांगितली जाते. जेफर्सन अध्यक्ष असतांना परदेशीं जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर बंदी घातली गेली होती. ती केव्हां घातली हें कांहीं मुलांनीं बिनचूक लिहिलें, पण त्यांतल्या बहुतेकांना ती बंदी म्हणजे काय हेंच सांगतां येईना. मुलांनीं साल पाठ केलें होतें, कारण सालच विचारलें जाणार हें त्यांच्या मास्तरांना ठाऊक होतें.

ही पावणेदोनशें वर्षांपूर्वींची गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें कीं, पुढें जें जें झालें त्याचें बीज हिच्यांत आहे. सर्वांना एकच प्रश्न विचारावयाचा तर सर्वांना काय यावें हें आधीं ठरलें पाहिजे. अमुक इयत्तेच्या अखेरीस मुलास काय काय यावें, याची जी लेखी यादी ठरविली जाते तिला हल्लींच्या मराठींत 'मानकें' म्हणतात. आपल्या सरकारी पुस्तिकांतून 'अध्ययन निष्पत्ति' असाहि शब्द आढळतो. माझ्या लहानपणीं वाण्याच्या दुकानांत धान्य मोजावयास मापटें असे. मानक म्हणजे तसलें मापटें, आणि परीक्षा म्हणजे त्यानें केलेली मोजणी. मोजणीच्या वेळीं आपलें सारें लक्ष धान्याकडे असतें; मापटें कोणीं घडविलें आणि त्यांत काय मावतें, हें सहसा कोणी पाहत नाहीं.

मॅसॅच्युसेट्सनें आपलें आधुनिक मापटें घडविलें तें १९९३ सालीं. श्रीमंत गांवांच्या शाळा संपन्न आणि गरीब गांवांच्या शाळा कंगाल, अशी तेथें स्थिति होती. कारण शाळांचा पैसा मुख्यतः गांवच्या घरपट्टींतून येत असे. गरीब गांवांतील विद्यार्थ्यांच्या वतीनें खटला झाला, आणि प्रत्येक मुलाला पुरेसें शिक्षण देणें हें राज्याचें कर्तव्य आहे असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं दिला. त्याच महिन्यांत शिक्षणसुधारणेचा कायदा झाला. त्यांत एक देवघेव होती. राज्यानें गरीब गांवांना पैसा द्यावा, आणि त्याच्या बदल्यांत शाळांनीं सर्व राज्याला लागू अशीं मानकें पाळून मुलें त्या पातळीस आणल्याचें दाखवावें. दाखवावयाचें कसें? तर दहावीच्या परीक्षेनें. ही परीक्षा १९९८ पासून घेण्यांत येऊं लागली. तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमकॅस' म्हणतात. २००३ सालीं शाळा सोडणाऱ्या तुकडीपासून इंग्रजी व गणित या दोन विषयांत ती उत्तीर्ण झाल्यावांचून शाळेची पदवी मिळेना.

आतां त्यांतील इंग्रजी वाचन-लेखनाचा भाग पाहूं. १९९७ सालीं आणि पुन्हां २००१ सालीं राज्यानें इंग्रजीच्या अभ्यासाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याच्या शेवटीं मुलांनीं वाचावे अशा ग्रंथकारांच्या याद्या जोडल्या होत्या. म्हणजे मुलानें चांगले ग्रंथ वाचलेले असावेत, हा त्या मानकांचा गाभा. मग परीक्षाहि तशीच निघाली. दहावीच्या मुलाला उतारे व प्रश्न तर असतच, पण एक दीर्घ निबंधहि असे. त्याचा विषय साधारणतः असा: तूं शाळेंत किंवा घरीं वाचलेल्या एखाद्या साहित्यकृतींतील अमुक प्रकारचें एक पात्र निवड, आणि त्या पात्राचा सबंध कृतीशीं संबंध काय तें सांग. कृति कोणती हें परीक्षक सांगत नसे. ती मुलानें आपल्या मनांतून आणावयाची. विषयाच्या मांडणीला सहापैकीं आणि भाषेच्या शुद्धतेला चारपैकीं गुण असत. दोन परीक्षक निरनिराळे गुण देत, आणि त्यांची बेरीज होई.

संस्कृत पाठशाळेंत शिकलेल्यांना येथें शलाकापरीक्षेची आठवण होईल. पोथींत सळई घालावी, जें पान उघडेल त्याचा अर्थ विद्यार्थ्यानें लावावा, अशी ती परंपरा. दोन्ही परीक्षा दिसण्यांत भिन्न, पण दोहोंचा आग्रह एकच: सबंध ग्रंथ पोटांत असला पाहिजे.

पुढें २०१० सालीं अमेरिकेंतील राज्यांच्या राज्यपालांच्या व शिक्षणाधिकाऱ्यांच्या संघटनांनीं मिळून 'कॉमन कोअर' या नांवाचीं सामाईक मानकें प्रसिद्ध केलीं, आणि मॅसॅच्युसेट्सनें त्याच वर्षीं तीं स्वीकारलीं. या मानकांचा कल निराळा होता. मुलगा पुढें कॉलेजांत किंवा धंद्यांत जाणार; तेथें त्याला कथा-काव्यापेक्षां अहवाल, लेख, दस्तऐवज अधिक वाचावे लागणार. म्हणून शाळेंतील सर्व विषय मिळून एकंदर वाचनांत बारावीपर्यंत माहितीपर लेखनाचा वांटा शेंकडा ७० आणि ललित लेखनाचा ३० असावा, असें त्यांत सुचविलें होतें. दुसरा मोठा आग्रह आधाराचा. मुलानें जें विधान करावें त्याला समोरच्या उताऱ्यांतून आधार दाखवावा. स्वतःच्या आवडीनिवडीवर भागवूं नये. या मानकांना विद्वानांतूनच विरोधहि झाला. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या मानकांच्या कामांत ज्यांचा मोठा हात होता, त्या सँड्रा स्टॉट्स्की या बाई नव्या मानकांच्या तपासणी-समितीवर होत्या. त्यांनीं मान्यतेची सही करण्याचें नाकारलें. साहित्याचें वाचन उणें पडेल, ही त्यांची मुख्य तक्रार.

मापटें बदललें तसें मोजणेंहि बदललें. २०१९ पासून दहावीची परीक्षा नव्या स्वरूपांत आली, आणि 'तूं वाचलेल्या ग्रंथाविषयीं लिही' हा जुना निबंध नाहींसा झाला. त्याच्या जागीं, समोर दिलेले उतारे वाचून त्यांच्या आधारें निबंध लिहावयाचा. मांडणीला पांच गुण, शुद्धतेला तीन.

हा फरक कागदावर लहान दिसतो. आमच्या पडवींत मात्र तो मला डोळ्यांनीं पाहावयास मिळाला. कारण थोरल्या मुलानें जुनी परीक्षा २०१६ सालीं दिली होती, आणि मुलीनें नवी, २०२४ च्या वसंतांत. मीं मुलाला विचारलें, "तूं निबंध कशावर लिहिलास?" त्यानें तात्काळ कादंबरीचें नांव सांगितलें, तींतल्या वकिलाचें वर्णन केलें, आणि पुढचा अर्धा तास आमच्या बंधूंशीं त्या वकिलाच्या वर्तनाविषयीं वाद घातला. आठ वर्षांनंतरहि पुस्तक त्याच्यापाशीं होतें. मुलीला तोच प्रश्न केला तेव्हां ती म्हणाली, "दोन पॅसेज होते, आजोबा. कशाबद्दल होते तें आतां आठवत नाहीं." ही सहा-आठ महिन्यांपूर्वींची गोष्ट!

माझ्यांतला म्हातारा मास्तर लगेच जागा झाला. "पाहा," मी मंडळींना म्हणालों, "मानक बदललें कीं विद्या कशी आटते तें. आमच्या विद्यार्थ्यांना पूर्वीं निबंध लिहितां येत असे; हल्लींच्या मुलांना येत नाहीं."

मुलगी शांतपणें म्हणाली, "आजोबा, हें कशावरून?"

प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. तिला शाळेंत हेंच शिकविलें होतें: विधान केलें कीं आधार दाखवावयाचा. मीं म्हटलें, "आधार माळ्यावरच्या पेटींत आहे." माझ्या जुन्या वर्गांच्या कांहीं निबंधवह्या मीं एका पत्र्याच्या पेटींत जपून ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं दोघांनीं ती पेटी खालीं काढली आणि दहावीच्या एका तुकडीच्या बावीस वह्या पडवींत मांडल्या. विषय होता 'पावसाळ्यांतील एक दिवस'. मुलीला मराठी वाचतां येतें, जरा अडखळत. एक वही झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वहीपाशीं ती थांबली आणि पहिली पुन्हां उघडून पाहूं लागली.

बावीसपैकीं एकोणीस निबंधांचा आरंभ एकच होता. शेवटचा परिच्छेदहि एकच. तें पहिलें वाक्य मला पाठ होतें, कारण तें माझें होतें. मीं फळ्यावर लिहून दिलेलें. प्रत्येक वहीखालीं माझ्याच हातचा तांबड्या शाईचा 'उत्तम' होता.

उरलेल्या तिघांपैकीं एका मुलानें लिहिलें होतें कीं, पावसानें रात्रीं त्यांच्या घराची मागची भिंत पडली; आई कंदील धरून धान्याचीं पोतीं एका कोपऱ्यांतून दुसऱ्या कोपऱ्यांत ओढीत होती, आणि कोरडा कोपरा राहिला नाहीं तेव्हां ती पोत्यांवरच बसून राहिली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. आरंभ नाहीं, समारोप नाहीं. मीं त्याला दहापैकीं चार गुण दिले होते आणि शेरा मारला होता, 'मुद्दे नीट मांडावे'. त्याच वहींत पुढचा निबंध आहे. त्याचा आरंभ फळ्यावरचा आहे, समारोप फळ्यावरचा आहे, आणि त्याला मीं आठ गुण दिले आहेत.

मुलीनें मला कांहीं विचारलें नाहीं. मींच तिला सांगितलें कीं, परीक्षेंत आरंभ, मुद्दे, समारोप व शुद्धता यांना गुण असत, आणि माझ्या मुलांना ते मिळावेत म्हणून मीं ही तयारी करून घेत असें. तें खोटें नव्हतें. पण अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानांवर 'विद्यार्थ्यास स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडतां यावा' अशा आशयाचें उद्दिष्ट छापलेलें असे, तेंहि मीं वाचलेलें होतें. तें उद्दिष्ट त्या एका मुलानें पुरें केलें होतें, आणि मीं त्याला तें सोडावयास शिकविलें.

येथें मला या सर्व प्रकरणाचें मर्म सांपडलें असें वाटतें. मानकांतून परीक्षा निघते हें खरें. पण सबंध मानक परीक्षेंत कधींच उतरत नाहीं. जेवढें थोडक्या वेळांत विचारतां येतें आणि अनेक परीक्षकांना सारख्या मापानें तपासतां येतें, तेवढेंच उतरतें. मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रजीच्या मानकांत वाचन व लेखन यांच्या जोडीला बोलणें व ऐकणें यांचा स्वतंत्र विभाग आहे. दुसऱ्याचें म्हणणें नीट ऐकून त्याला समर्पक उत्तर देतां यावें, ही अपेक्षा तेथें स्पष्ट लिहिली आहे. एमकॅसच्या लेखी परीक्षेंत त्याला जागा नाहीं. जें परीक्षेंत नाहीं तें शाळेच्या वेळापत्रकांतून हळूहळू गळतें, आणि कांहीं वर्षांनीं परीक्षेंत होतें तेवढेंच मानक होतें अशी सर्वांची समजूत होऊन बसते.

उलट, मानकांतलें एखादें चांगलें वाक्य परीक्षेंत उतरतांना विपरीत रूपहि घेतें. मुलाला वाचलेल्या कथेंतील पात्राच्या दृष्टीनें लिहितां यावें, हें शिकविण्यासारखेंच आहे. पण २०१९ च्या दहावीच्या परीक्षेंत कोल्सन व्हाइटहेड यांच्या गुलामगिरीवरील कादंबरीचा उतारा देऊन, पळून आलेल्या कृष्णवर्णी गुलाम मुलीला नाइलाजानें आसरा देणाऱ्या, पण मनांत तिचा तिरस्कार करणाऱ्या एका गोऱ्या बाईच्या भूमिकेंतून लिहावयास सांगितलें गेलें. वर्गांत शिक्षक जवळ असतांना, चर्चा करून, ही गोष्ट कदाचित् साधली असती. परीक्षेच्या दालनांत एकट्या बसलेल्या कृष्णवर्णी मुलामुलींवर तो आघात झाला. विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं तक्रार केली, स्वतः ग्रंथकारानेंहि नापसंती व्यक्त केली, आणि तो प्रश्न रद्द करण्यांत आला.

आपल्याकडे याहून कांहीं निराळें घडतें असें कोणीं समजूं नये. आपल्या राज्याच्या दहावीच्या परीक्षेंत २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षीं नवा अभ्यासक्रम आला, प्रश्नपत्रिकेच्या जागीं कृतिपत्रिका आली, आणि भाषा व सामाजिक शास्त्रें यांतील शाळेच्या हातचे २० गुण बंद झाले. २०१९ चा निकाल ७७.१० वर आला. घरोघरीं हाहाकार उडाला. शाळेच्या हातचे २० गुण पुन्हां सुरू करण्यांत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला, त्या वर्षीं करोनामुळें भूगोलाचा पेपरहि रद्द झाला होता. वाचकांनींच विचार करावा. महाराष्ट्रांतील मुलें एका वर्षांत अज्ञ झालीं आणि दुसऱ्या वर्षीं पंडित झालीं, असें तर झालें नाहीं. धान्य साधारण तेंच होतें. मापटें दोनदां बदललें. तथापि ज्या मुलाच्या हातीं २०१९ चें गुणपत्रक पडलें, त्याला आयुष्यभर तेंच दाखवावें लागणार आहे.

आतां त्या मतदानाकडे वळूं. एमकॅसच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ होतें. गरीब गांवांना पैसा मिळाला, शिक्षकांना काय शिकवावयाचें तें स्पष्ट झालें, आणि २००५ सालीं राष्ट्रीय पाहणींत चौथी व आठवीच्या वाचनांत व गणितांत हें राज्य अग्रस्थानीं आलें. विरुद्ध बाजूचें म्हणणें असें कीं, वर्गांतील शिकवणें आक्रसलें. आणि वारंवार संधि देऊनहि ज्यांची पदवी केवळ या परीक्षेपायीं अडते असे दरवर्षीं सुमारें सातशें विद्यार्थी उरतात, त्यांत मुख्यतः नुकतीं परदेशांतून आलेलीं इंग्रजी शिकणारीं मुलें आणि अपंग मुलेंच असतात. शिक्षकांच्या संघानें प्रश्न मतदानास नेला. राज्यपाल व व्यापारी मंडळें यांचा विरोध असतांहि ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं शेंकडा ५९ मतदारांनीं अट काढून टाकण्याच्या बाजूनें कौल दिला.

आमच्या पडवींतील समजुतीप्रमाणें परीक्षा मात्र नाहींशी झाली नाहीं. ती पूर्ववत् घेतली जाते. तींत उत्तीर्ण झाल्यावांचून पदवी नाहीं एवढीच अट गेली. मानकेंहि आहेत तशींच आहेत. मुलाला तीं साधलीं कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार गांवोगांवच्या शाळांकडे गेला. म्हणजे मोजणें थांबलें नाहीं; मापटें राज्याच्या हातून गांवाच्या हातीं आलें. लगोलग दुसरी काळजी उत्पन्न झाली: श्रीमंत गांवचें मापटें आणि गरीब गांवचें मापटें एकच राहील काय? १९९३ चा कायदा ज्या विषमतेसाठीं झाला, तीच मागल्या दारानें परत येईल काय? २०२५ च्या आरंभीं राज्यपालांनीं या प्रश्नाचा विचार करून नवी सर्वसामान्य अट सुचविण्यासाठीं एक मंडळ नेमलें, तें याच काळजीपोटीं.

मला विचाराल तर मी परीक्षा काढून टाकण्याच्या पक्षाचा नाहीं. तोंडी परीक्षेच्या काळीं बोस्टनच्या समितीला जें दिसलें नाहीं, तें छापील प्रश्नांनीं दाखविलें. सामाईक परीक्षा नसेल तर बड्या शाळेचें नांव हीच परीक्षा होऊन बसेल, आणि गरिबाच्या मुलाला आपली योग्यता दाखविण्याचें साधन राहणार नाहीं. पण परीक्षेवर सारी विद्या सोपविणेंहि तितकेंच घातक आहे, हें माझ्या पेटीनें मला शिकविलें. म्हणून परीक्षेंत जें मावत नाहीं तें सांभाळण्याचें काम शिक्षकांचें आणि घरच्या वडील मंडळींचें आहे. एकत्र कुटुंबांत तें सोपें आहे, कारण तेथें ऐकणारे कान नेहमीं हजर असतात.

माझ्या वाचकांनीं तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली: दहावीच्या वर्षींहि मुलाच्या हातीं अभ्यासाबाहेरचें एक तरी सबंध पुस्तक असूं द्यावें, आणि तें वाचून झाल्यावर त्याविषयीं घरांत कोणीतरी त्याच्याशीं भांडावें. जुन्या परीक्षेनें आमच्या नातवाला जें दिलें, तें असें घरीं देतां येतें. दुसरी: मुलानें, विशेषतः मुलीनें, वडील माणसाला 'हें कशावरून?' असें विचारलें तर रागावूं नये. नव्या मानकांतला हा गुण खरोखर घेण्याजोगा आहे, आणि आमच्या तर्कशास्त्रालाहि तो परका नाहीं; तेथें हेतु दिल्यावांचून प्रतिज्ञा उभीच राहत नाहीं. तिसरी: मुलाचें लेखन तपासतांना आधीं तें सबंध वाचावें, त्यानें काय सांगितलें आहे त्याला उत्तर द्यावें, आणि मग लेखणी हातीं घ्यावी. शुद्धलेखन अवश्य सुधारावें, पण दुसऱ्या वाचनांत.

ती वही मीं पेटींत परत ठेवली नाहीं. मेजाच्या खणांत ठेवली आहे. जुने गुण खोडण्यांत अर्थ नाहीं, म्हणून ते चार तसेच राहूं दिले आहेत. आमच्या घरांतील एक मूल यंदा दहावीला आहे. त्याचा निबंध तपासावयास बसण्यापूर्वीं मी तो खण उघडतों, पडलेल्या भिंतीचें तें पान एकदां वाचतों, आणि मग त्याची वही हातीं घेतों.